कपबशीतली विलायत

(उमरेड येथील वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण. जे पालक त्या दिवशी येऊ शकले नाहीत, त्यांच्यासाठी येथे दिले आहे.)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणाच्या महत्त्वावर एक भाषण होते. ते आता तुम्हाला तोंडपाठ झाले असेल. म्हणून या वर्षी मी खाण्यापिण्याविषयी बोलणार आहे, आणि तेही इंग्रज व आयरिश लोकांच्या. विषय ऐकून पुढच्या रांगेतले काही जण हसले, ते मी पाहिले. परंतु हा विषय मी उगाच निवडलेला नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील वयाने मोठे आहेत, म्हणून मी त्यांना चाचा म्हणतो. एकदा शाळेच्या फाटकाशी ते मला म्हणाले, "सर, पोराला इंग्रजी शिकवा म्हणता, शिकवतो. पण तो साहेब होऊन घरच्या भाकरीला नाक मुरडू लागला, तर मी काय करायचे? काल डब्यात भाकरी दिली तर म्हणाला, डबलरोटी द्या, वर्गात हसतात." चाचांना तेव्हा मी काहीतरी वरवरचे उत्तर दिले. ते त्यांना पटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नाही. आज जे बोलणार आहे, ते त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजा.

सुरुवात चहापासून करू. मेळाव्यात तुम्ही आताच घेतला, म्हणून तोच बरा. चहा आपल्याला इतका आपला वाटतो की पाहुण्याला चहा विचारला नाही तर घराची अब्रू जाते. नागपूर-नागभीड ही छोटी रेल्वेगाडी २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाली. त्या गाडीने ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना विचारा. गाडीची आठवण निघाली की चहाची निघतेच. आणि इंग्रज माणसाला विचाराल तर तो म्हणेल, चहा आमचा. वास्तविक तो मुळात त्यांचाही नाही आणि आपलाही नाही. चहा पिण्याची रीत चीनची.

इंग्लंडच्या दरबारात चहाची चाल पाडली ती एका परदेशी राणीने. १६६२ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने पोर्तुगालच्या कॅथरीन नावाच्या राजकन्येशी लग्न केले. लंडनला चहा त्याआधी काही वर्षे पोचला होता, पण राणी पिते म्हटल्यावर सरदारांच्या घरच्या बायकाही पिऊ लागल्या. आता गंमत ऐका. याच कॅथरीनच्या हुंड्यात पोर्तुगीजांनी इंग्रजांना मुंबई दिली. राजाला त्या बेटांचे फारसे मोल वाटले नाही. १६६८ साली त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. म्हणजे मुंबई इंग्रजांकडे आली आणि चहा दरबारात रुळला, ते एकाच लग्नाच्या निमित्ताने.

पुढे इंग्लंडात मजुरापासून सरदारापर्यंत सगळे चहा पिऊ लागले. चहा विकणारा चीन बदल्यात चांदी मागे. तेवढी चांदी आणायची कुठून? कंपनीने बिहारमध्ये अफू पिकवून घेतली, ती कलकत्त्याला लिलावात विकली आणि व्यापाऱ्यांमार्फत चीनमध्ये पोचवली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जाऊ लागली. चीनने ती अडवली तेव्हा १८३९ ते १८४२ या काळात इंग्रजांनी चीनशी युद्ध केले. विलायतेतल्या त्या नाजूक कपबशीखाली बिहारचा शेतकरी आणि चीनचा अफूबाज दडलेले आहेत, हे कपाकडे पाहून कळत नाही. विचारले तरच कळते.

त्याच सुमारास आसामात इंग्रजांनी चहाचे मळे घातले. आसामी चहाची पहिली विक्री लंडनमध्ये जानेवारी १८३९ मध्ये झाली. माल होता अवघ्या आठ पेट्या. परंतु हा चहा आपल्यासाठी नव्हताच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बहुसंख्य हिंदी माणूस चहा पीतच नसे. १९०३ साली सरकारने चहावर एक खास कर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढे गिरण्यांत, बाजारांत आणि रेल्वेस्टेशनांवर चहा करून दाखवत, फुकट पाजत, तो कसा करावा याची चित्रे लावत. आपल्या लोकांनी चहा घेतला, पण सांगितल्याप्रमाणे केला नाही. भरपूर दूध घातले, आले घातले, वेलची घातली आणि सगळे एकत्र उकळले. चहा विकणारे यावर नाराज होते, कारण असा चहा केला की पत्ती कमी लागे. मित्रांनो, हे लक्षात ठेवा. आपण चहा घेतला, पण नक्कल केली नाही. घेणे आणि नक्कल करणे यांतला फरक मला शाळेतल्या मुलांना शिकवायचा आहे.

आता आपल्या संत्र्याकडे या. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ते नाव दुसऱ्या भागातल्या फळाला लावता येत नाही. विलायतेत सकाळच्या न्याहारीला भाजलेल्या डबलरोटीवर संत्र्याच्या सालीचा कडवट मुरंबा लावतात. त्याला मार्मालेड म्हणतात. स्कॉटलंडातील डंडी हे गाव त्यासाठी प्रसिद्ध झाले. केलर घराण्याचा त्याचा धंदा तेथे १७९७ साली सुरू झाला. इंग्रज माणसाला मार्मालेडइतके घरचे दुसरे काही वाटत नाही. पण त्यासाठी लागणारी कडू संत्री इंग्लंडच्या थंडीत येत नाहीत. ती स्पेनमधल्या सेव्हिलहून येतात. आणि सेव्हिलला ती लावली कोणी? अरबांनी. त्या शहराला ते इश्बीलिया म्हणत. फळाचे नावही पाहा. संस्कृतात नारंग, फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारान्हा, आणि वाटेत सुरुवातीचा 'न' गळून इंग्रजीत ऑरेंज. आपल्याकडून निघालेला शब्द मुसलमान माळ्यांच्या हातून स्पेनला गेला आणि तेथून इंग्रजांच्या न्याहारीच्या टेबलावर बसला.

यावर कोणी म्हणेल, बघा, सगळे आपणच त्यांना दिले! थांबा. आपल्या शेजारच्या भिवापूरची मिरची घ्या. तिलाही मानांकन आहे, आणि तिच्याशिवाय आपल्याकडच्या रश्शाला रस्सा कोण म्हणेल? पण मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात हिंदुस्थानात आणली. त्याआधीचा तिखटपणा मिऱ्यांचा आणि आल्याचा. आलूही अमेरिकेचाच. पश्चिम महाराष्ट्रात त्याला बटाटा म्हणतात, तो शब्दही पोर्तुगीज. तेव्हा देण्याचा गर्व करायचा असेल, तर घेतल्याची पावतीही खिशात ठेवली पाहिजे.

आलूचे नाव निघाले, म्हणून आता आयर्लंडला जाऊ. तेथील गरीब मजूर आणि कुळे जवळजवळ आलूवरच जगत, कारण जमीन जमीनदारांची आणि कुळाच्या वाट्याला एक तुकडा. तेवढ्या तुकड्यात घर जगवणारे पीक तेच. १८४५ साली त्या पिकावर रोग पडला. शेतात उभे झाड काळे पडून कुजू लागले. पुढच्या सातेक वर्षांत सुमारे १० लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली, आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. आणि त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि गुरे इंग्लंडला जात होती. सरकारी मदतीचा कारभार पाहणारे अधिकारी ट्रेव्हेल्यन आधी हिंदुस्थानात नोकरी करून गेले होते आणि नंतर मद्रासचे गव्हर्नर होऊन परत आले. आपल्या मध्यप्रांतात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पडले. त्यांच्या हकीकती वाचताना मला आयर्लंड आठवते. इंग्रज म्हणजे सगळे सुखी साहेब, असे मुलांना वाटते. त्यांच्याच छत्राखाली, त्यांच्या अगदी शेजारी, गोऱ्या कातडीचा माणूसही उपाशी मेला, हे त्यांना सांगायला हवे.

या दुष्काळातली एक गोष्ट आपल्या मनाला फार जवळची आहे, आणि तिच्याबाबत मला आज तुमच्यासमोर एक कबुली द्यायची आहे.

तुर्कस्तानचे सुलतान अब्दुल मजीद यांनी १८४७ साली आयर्लंडच्या भुकेल्यांसाठी १००० पौंड पाठवले. त्यांना १०,००० द्यायचे होते, परंतु स्वतः राणी व्हिक्टोरियाने २००० दिले असल्याने तिच्याहून जास्त देणे शोभणार नाही असे त्यांना सुचवण्यात आले, अशी हकीकत त्या काळापासून सांगितली जाते. तीन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी ही गोष्ट सांगितली, आणि पुढचेही सांगितले. सुलतानांनी धान्याची जहाजे गुपचूप पाठवली, ती ड्रोहेडा नावाच्या बंदरात उतरली, आणि त्या उपकाराची आठवण म्हणून त्या गावाच्या चिन्हात आजही चंद्रकोर आणि तारा आहे. मोबाइलवर आलेला हा मजकूर मी वाचला होता आणि मला तो फार आवडला होता. वर्गातली मुले खूश झाली. काहींनी टाळ्या वाजवल्या.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हे कुठे लिहिले आहे?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी म्हणालो, "बघून सांगतो." मग बघितले. १००० पौंड खरे निघाले; आयर्लंडच्या मान्यवरांनी सुलतानांना पाठवलेले आभारपत्र तुर्कस्तानात आजही जपलेले आहे. पण चंद्रकोर आणि तारा ड्रोहेड्याच्या चिन्हात दुष्काळाच्या कितीतरी आधीपासून आहेत. त्यांचा सुलतानांच्या मदतीशी संबंध नाही. जहाजांची गोष्ट लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, पण तिला सरकारी दप्तराचा भक्कम आधार नाही. २०१० साली आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांनी तुर्कस्तानात हीच कथा भाषणात सांगितली आणि इतिहासाच्या जाणकारांनी त्यांना दुरुस्त केले. एवढ्या मोठ्या माणसाची चूक झाली, म्हणून माझी लहान ठरत नाही.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात उभा राहून सांगितले की, मागच्या वेळी मी निम्मे खरे आणि निम्मे न तपासलेले सांगितले. मुलांचे चेहरे पडले. एक मुलगा म्हणाला, "सर, पण गोष्ट चांगली होती ना!" मी म्हणालो, "बाळ, १००० पौंड खरे होते, तेवढे पुरे आहेत. खऱ्याला खोट्याची जोड दिली की ऐकणारा उद्या खऱ्यावरही विश्वास ठेवत नाही." बातमी आली की आधी तिची शहानिशा करावी, ही शिकवण आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही. सूरह हुजुरात वाचणाऱ्याला ती ठाऊक आहे. आपल्याला राग आणणारा मजकूर आपण तपासतो. आपली मान ताठ करणारा मजकूर मात्र न तपासता दहा जणांना पाठवतो. चूक नेमकी तेथे होते.

आता ज्यांच्याविषयी शंका घ्यायला जागा नाही, अशा एका माणसाची हकीकत सांगतो. दीन मुहंमद यांचा जन्म १७५९ साली पाटण्याचा. लहान वयात वडील वारले. दहा-अकरा वर्षांचा हा मुलगा कंपनीच्या फौजेत एका आयरिश अधिकाऱ्याच्या मागे लागला आणि १७८४ साली त्याच्याबरोबर आयर्लंडमधील कॉर्क शहरी गेला. तेथे तो इंग्रजी नीट शिकला आणि १७९४ साली त्याने आपल्या प्रवासाचे पुस्तक इंग्रजीत छापले. हिंदुस्थानी माणसाने इंग्रजीत लिहून छापलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. १८१० साली त्याने लंडनमध्ये 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' उघडले. तेथे आपल्या पद्धतीचे मसालेदार जेवण मिळे आणि हुक्काही मिळे. १८१२ साली त्याचे दिवाळे निघाले. तेव्हा तो ५३ वर्षांचा होता. पण तो बसून राहिला नाही. ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी जाऊन त्याने वाफेचे स्नान आणि चंपी यांचा धंदा काढला, आणि इतके नाव मिळवले की पुढे इंग्लंडच्या राजानेही त्याला आपल्या सेवेत नेमले. आपल्या 'चांपणे' या शब्दापासूनच इंग्रजीत शाम्पू हा शब्द आला. ज्या जागेजवळ त्याचे ते हॉटेल होते, तेथे २००५ साली लंडनमध्ये त्याच्या नावाची पाटी लावण्यात आली.

या माणसाने आयर्लंडमध्ये एका आयरिश मुलीशी लग्न केले आणि तिच्या चर्चचा धर्म पत्करला, हेही मी लपवणार नाही. कोणाच्या मनाला ते टोचेल. पण आवडते तेवढे सांगायचे आणि नावडते गाळायचे, असे केले तर मी त्या मुलीला पुन्हा काय तोंड दाखवू? आणि उलट दिशेचाही दाखला आहे. लिव्हरपूलचे वकील अब्दुल्ला क्विलियम जन्माने इंग्रज. त्यांनी इस्लाम स्वीकारला, १८८९ साली आपल्या शहरात मशीद व संस्था उघडली, आणि नाताळच्या दिवशी ते गावातल्या गोरगरिबांना जेवू घालत. इंग्रजी पोशाख, इंग्रजी भाषा आणि नमाज यांत त्यांना अडचण वाटली नाही. भाषा माणसाला नेते की माणूस भाषेला नेतो, हे त्या त्या माणसावर आहे.

दीन मुहंमद ज्या कॉर्क शहरात इंग्रजी शिकला, त्याच शहरात पुढे १८३८ साली फादर मॅथ्यू नावाच्या पाद्र्याने दारूबंदीची चळवळ उभारली. आयर्लंड म्हटले की लोकांना व्हिस्की आठवते. त्या शब्दाचा मूळ आयरिश अर्थ 'जीवनाचे पाणी'. त्या पाण्याने किती घरे बुडवली, हे आयरिश बायकांना विचारावे लागले नसते. फादर मॅथ्यूंच्या हाकेला ओ देऊन लाखो लोकांनी दारू न पिण्याची शपथ घेतली. इंग्लंडातही तसे लोक होते. मुलांनो, तुमची कॅडबरी ठाऊक आहे ना? १८२४ साली बर्मिंगहॅममध्ये जॉन कॅडबरी यांनी दुकान काढले आणि चहा, कॉफी, कोको विकायला ठेवले. लोकांनी दारूऐवजी हे प्यावे, ही त्यांची धार्मिक तळमळ. आपल्यापैकी ज्यांची माणसे आखाती देशांत नोकरीला आहेत, त्यांनी रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर विम्टो हे सरबत पाहिले असेल. ते १९०८ साली मँचेस्टरमध्ये निघाले, आणि तेही दारूला पर्याय म्हणून. तेव्हा "विलायती म्हणजे दारू" असे समजू नका. तेथे दारू होती आणि तिच्याशी झगडणारेही होते. त्यांच्याकडून काय घ्यायचे, ते आपण ठरवायचे.

आणखी एक गोष्ट आयर्लंडकडून घेतलेली आहे, ती ताटातली नव्हे. आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना १९३७ च्या आयरिश घटनेवरून घेतलेली आहे. त्या तत्त्वांत घटनाकारांनी लिहिले की, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे. पुढे २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी तो हक्क झाला. म्हणजे ज्या शाळेच्या फाटकाशी चाचांनी मला प्रश्न विचारला, त्या फाटकापर्यंत त्यांचा मुलगा पोचला, त्यातही त्या उपाशी देशाचा थोडा हात आहे.

चाचा, आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही समोर बसला आहात, हे मी पाहिले आहे. तुमचा मुलगा इंग्रजी शिकल्यामुळे भाकरीला नाक मुरडत नाही. तो अर्धवट शिकल्यामुळे मुरडतो. डबलरोटी साहेबाची आणि भाकरी गरिबाची, एवढेच त्याला ठाऊक आहे. त्याला संत्र्याची, मिरचीची आणि चहाची हकीकत कळली, तर त्याला डबलरोटीचा रुबाब वाटणार नाही आणि भाकरीची लाजही वाटणार नाही. जे अन्न कष्टाने आणि हलाल कमाईने घरात आले, त्याची लाज बाळगायची नाही, हे मात्र त्याला शाळा एकटी शिकवू शकणार नाही. ते दस्तरखानावर बसून तुम्ही आणि त्याच्या अम्मीने शिकवायचे.

विद्यार्थी मित्रांनो, मास्तर आला म्हणजे गृहपाठ आलाच. या सुटीत स्वयंपाकघरातली कोणतीही एक वस्तू निवडा. साखर घ्या, बिस्किट घ्या, साबूदाणा घ्या. तिच्याविषयी तीन प्रश्न विचारा. ही कुठून आली? कोणी आणली? आणि ती आपल्यापर्यंत येताना कोणाला काय किंमत मोजावी लागली? दादी-नानीला विचारा, पुस्तकात पाहा, मोबाइलवरही पाहा. पण उत्तर सापडले की त्या मुलीचा चौथा प्रश्न विसरू नका: हे कुठे लिहिले आहे?

ती मुलगी यंदा बारावीला आहे. अल्लाह तिला यश देवो, आणि तिच्यासारखे विचारणारे प्रत्येक वर्गात निदान एक तरी देवो.